उसन्या संप्रेरकांचा हिशेब

हौशी खेळाडूला संप्रेरकांचा खरोखर फायदा होतो का, या प्रश्नाला दोन ठरलेली उत्तरे मिळतात आणि मला ती दोन्ही अपुरी वाटत आली आहेत. पहिले उत्तर वैद्यकीय वळणाचे असते: फायदा काही नाही, नुसते नुकसान आहे. दुसरे उत्तर जिमच्या कोपऱ्यात हलक्या आवाजात मिळते: होतो की, एक कोर्स करून बघ. मी पळणाऱ्यांपैकी आहे. वयोगटाच्या निकालात माझे नाव मधोमध कुठेतरी असते, बक्षीस मिळण्याची शक्यता नाही हे मला पक्के ठाऊक आहे, आणि तरीही मागच्या वेळेपेक्षा दोन मिनिटे कमी लागावीत म्हणून मी पहाटे उठतो. माझ्यासारख्या माणसांमध्ये हा प्रश्न नीतीच्या अंगाने क्वचितच निघतो. तो व्यवहाराच्या अंगाने निघतो आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. व्यवहाराचा प्रश्न असेल तर त्याचे उत्तरही हिशेबानेच दिले पाहिजे.

पहिल्या उत्तराची फार मोठी किंमत मोजावी लागली आहे, म्हणून आधी त्याच्याविषयी. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या मान्यवर संस्थेने १९७७ मध्ये अशी भूमिका जाहीर केली होती की, अॅनाबॉलिक स्टेरॉइड्सचे, म्हणजे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे आणि त्याच्यासारख्या स्नायू वाढवणाऱ्या द्रव्यांचे, खूप मोठे डोसही खेळातील कामगिरीला मदत करतात किंवा अडथळा आणतात याचा निर्णायक पुरावा नाही. तोपर्यंत वजन उचलणारे खेळाडू जवळजवळ दोन दशके या गोळ्या घेत होते आणि परिणाम रोज आरशात पाहत होते. तज्ज्ञांचे म्हणणे आणि आरसा यांच्यात निवड करायची वेळ आली, तेव्हा त्यांनी आरशाची निवड केली, यात नवल नाही. पुढच्या दशकात संस्थेने भूमिका बदलली. पण दरम्यान जे नुकसान झाले ते कागद बदलून भरून निघणारे नव्हते. डॉक्टर परिणामाविषयी चुकीचे सांगतात, तर मग धोक्याविषयीही चुकीचेच सांगत असतील, हा तर्क आजही जिममध्ये ऐकू येतो.

या वादावर खऱ्या अर्थाने पडदा पडला तो १९९६ मध्ये, शलेंदर भसीन आणि सहकाऱ्यांचा प्रयोग 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा. या प्रयोगाची रचना मला इतकी आवडते की ती थोडी सविस्तर सांगतो. वजने उचलण्याचा अनुभव असलेल्या निरोगी पुरुषांचे चार गट केले गेले. दोन गटांना दहा आठवडे दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनान्थेट टोचले गेले, दोन गटांना औषध नसलेले इंजेक्शन, म्हणजे प्लासिबो. प्रत्येक जोडीतील एका गटाने ठरवून दिलेला व्यायाम केला, दुसऱ्याने व्यायाम करायचा नाही असे ठरले. आहारही आखून दिला होता. व्यायाम करून नुसते प्लासिबो घेणाऱ्यांचे चरबीविरहित वजन साधारण २ किलोने वाढले. टेस्टोस्टेरॉन घेऊन अजिबात व्यायाम न करणाऱ्यांचे वाढले ३.२ किलो. दोन्ही करणाऱ्यांचे ६.१ किलो. बेंच प्रेसमध्ये, म्हणजे बाकावर पडून छातीवरून वजन वर ढकलण्यात, दोन्ही करणाऱ्यांची ताकद २२ किलोने वाढली. व्यायाम आणि प्लासिबो यांच्या जोरावर ती साधारण १० किलोने वाढली होती.

व्यायाम न करता बसून राहिलेला माणूस घाम गाळणाऱ्याच्या पुढे गेला, हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला चक्क अन्याय झाल्यासारखे वाटले. आजही तो वाचताना थोडेसे तसे वाटतेच. पण 'फायदा होत नाही' असे म्हणणाऱ्याने हा तक्ता एकदा समोर ठेवावा. या प्रयोगातले पुरुष ऑलिम्पिकचे खेळाडू नव्हते. हौशी म्हणतात तसेच होते.

मात्र त्याच तक्त्यात काय नाही, तेही पाहिले पाहिजे. ६०० मिलिग्रॅम हा आठवड्याचा डोस ज्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन कमी पडते त्यांना उपचार म्हणून देतात त्याच्या कित्येक पट आहे. प्रयोग दहा आठवड्यांचा होता, आणि त्या काळात गंभीर त्रास दिसला नाही म्हणून दहा वर्षांत दिसणार नाही, असे त्यातून निघत नाही. शिवाय त्याने मोजली ती ताकद आणि आकार. जो खेळ वजन उचलण्याचाच आहे, त्यात स्नायू वाढला की काम बरेचसे झाले. माझ्या खेळात तो वाढलेला सहा किलोचा ऐवज मला चढावर उचलून न्यावा लागेल. अव्वल धावपटू कृश का असतो, याचे उत्तर तेच आहे. स्त्रियांच्या बाबतीत चित्र थोडे वेगळे आहे: २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश प्रयोगात व्यायाम करणाऱ्या ४८ तरुण स्त्रियांपैकी निम्म्यांना दहा आठवडे रोज १० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉनचे क्रीम दिले, आणि पूर्ण दमेपर्यंत धावण्याचा त्यांचा वेळ साधारण साडेआठ टक्क्यांनी वाढला. स्त्रीशरीरात हे संप्रेरक मुळात फार थोडे असते, त्यामुळे थोडी भरही मोठी ठरते. त्याच कारणाने दीर्घकाळ जास्त डोस घेतल्यास आवाज घोगरा होतो, आणि औषध थांबवल्यावरही तो पूर्ववत होतोच असे नाही.

धावणारे आणि सायकल चालवणारे ज्याच्याकडे आशेने पाहतात ते संप्रेरक वेगळे: एरिथ्रोपोएटिन, सगळ्यांच्या तोंडी ईपीओ. ते मूत्रपिंडात तयार होते आणि अस्थिमज्जेला तांबड्या पेशी वाढवण्याचा निरोप देते. पेशी वाढल्या की रक्त जास्त प्राणवायू वाहून नेते. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांच्या रक्तक्षयावर म्हणून हे औषध आले आणि पुढच्या दशकात व्यावसायिक सायकलिंगचा सगळा इतिहासच त्याने गढूळ केला. त्या इतिहासामुळे ईपीओ म्हणजे हमखास वेग, अशी समजूत घट्ट बसली. ती समजूत नेदरलँड्समधील संशोधकांनी तपासून पाहिली, आणि त्यांनी त्यासाठी हौशी म्हणावेत असेच, चांगली तयारी असलेले पण व्यावसायिक नसलेले ४८ सायकलपटू घेतले. आठ आठवडे आठवड्याला एक इंजेक्शन. निम्म्यांना ईपीओ, निम्म्यांना मिठाचे पाणी. कोणाला काय मिळाले ते ना त्यांना ठाऊक, ना देणाऱ्यांना. २०१७ मध्ये निकाल 'लॅन्सेट हिमॅटॉलॉजी'त आला. प्रयोगशाळेत भार वाढवत वाढवत दमेपर्यंत पेडल मारण्याच्या चाचणीत ईपीओचा गट साधारण १० वॅटने सरस ठरला. पण पाऊण तासाच्या, स्वतःच्या गतीने चालवण्याच्या चाचणीत फरक दिसला नाही. आणि शेवटी त्यांना फ्रान्समधील माँ वाँतू या पर्वतावर नेले. आधी ११० किलोमीटर सायकल चालवायची आणि मग शर्यतीचा २१.५ किलोमीटरचा चढ. ईपीओ घेतलेल्यांना सरासरी १ तास ४० मिनिटे ३२ सेकंद लागले. मिठाचे पाणी घेतलेल्यांना १ तास ४० मिनिटे १५ सेकंद.

मिठाचे पाणी सतरा सेकंदांनी जिंकले, हे सांगायला गंमत वाटते, पण तो फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने निरर्थक आहे, आणि या एका शर्यतीवरून ईपीओ निकामी आहे असे म्हणणे म्हणजे १९७७ची चूक पुन्हा करणे होईल. शर्यत शेवटच्या इंजेक्शननंतर काही दिवसांनी झाली, डोस व्यावसायिकांच्या गैरवापराइतका आक्रमक नव्हता, असे आक्षेप घेतले गेले आणि ते पोकळ नाहीत. शिवाय विरुद्ध बाजूचा पुरावाही आहे. ग्लासगोत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९ प्रशिक्षित पुरुषांना चार आठवडे ईपीओ दिल्यावर त्यांची ३००० मीटरची सरासरी वेळ ११ मिनिटे ८ सेकंदांवरून १० मिनिटे ३० सेकंदांवर आली. सहा टक्क्यांच्या आसपासची ही सुधारणा कोणत्याही हौशी धावपटूचे डोळे विस्फारेल अशीच आहे.

आता या दोन निकालांची सांगड कशी घालायची? माझ्या समजुतीप्रमाणे अंतर आणि गोंधळ यांच्या आधारे. ३००० मीटर ही धाव बरीचशी प्राणवायूच्या पुरवठ्यावर अवलंबून असते; तिथे रक्त बदलले की घड्याळ बदलते. पाच-सहा तासांच्या सायकलस्वारीत, किंवा मॅरेथॉनमध्ये, हौशी माणसाचा वेळ इतर अनेक ठिकाणी सांडतो. सुरुवातीला उत्साहाच्या भरात जास्त वेगाने जाणे, पोट बिघडणे, उन्हाचा अंदाज चुकणे, योग्य वेळी न खाणे, शेवटच्या टप्प्यात मांड्या दगडासारख्या होणे. यातल्या कुठल्याही एका गोष्टीने दहा मिनिटे जातात. व्यावसायिक खेळाडूने ही सगळी भोके आधीच बुजवलेली असतात, म्हणून त्याला एका टक्क्याने पदक मिळते किंवा जाते. मला तो एक टक्का मिळाला तरी तो कुठे गेला हे शोधताही येणार नाही.

पण ग्लासगोच्या अभ्यासाविषयी आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्यात प्लासिबोचा गट नव्हता. धावणाऱ्यांना आपल्या अंगात काय जात आहे ते ठाऊक होते. योगायोग असा की, त्याच शहरातल्या विद्यापीठात २०१५ साली दुसरा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, ज्यात क्लब पातळीवरच्या १५ धावपटूंना सांगितले गेले की तुम्हाला ईपीओसारखे काम करणारे, पण नियमात बसणारे औषध मिळणार आहे. त्यांनी ते सात दिवस स्वतःच्या हाताने टोचून घेतले. सिरिंजमध्ये नुसते सलाइन होते. तीन किलोमीटरच्या चुरशीच्या शर्यतीत त्यांची वेळ १.२ टक्क्यांनी सुधारली. धावताना कमी कष्ट वाटले, जोम वाढला, असेही त्यांनी सांगितले. म्हणजे सहा टक्क्यांतला काही भाग रक्ताचा आणि काही भाग विश्वासाचा असणार. त्यांची फोड करून देणारा तराजू त्या पहिल्या अभ्यासात नव्हता.

विश्वासाची ताकद या क्षेत्राच्या जन्मापासूनच सोबत आहे. शार्ल-एदुआर ब्राउन-सेकार या थोर शरीरशास्त्रज्ञाने १८८९ मध्ये, वयाच्या ७२व्या वर्षी, कुत्र्यांच्या आणि गिनीपिगांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि शक्ती परतल्याचे जाहीर केले. त्याने हाताच्या पकडीचा जोर, पायऱ्या चढण्याचा उत्साह, बौद्धिक कामाचा दम असे सगळे नोंदवले होते. नंतरच्या काळात ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी त्याच्या कृतीने अर्क बनवून पाहिला, तेव्हा त्यात परिणाम व्हावा इतके टेस्टोस्टेरॉन उतरतच नाही असे आढळले. वृषण हे संप्रेरक साठवून ठेवत नाहीत, ते बनवून रक्तात सोडतात, आणि पाण्यात ते फारसे विरघळतही नाही. माणूस फसवणारा नव्हता. मोजमापाची शिस्त आयुष्यभर पाळलेला होता. तरीही स्वतःवरच्या प्रयोगात तो फसला.

ग्रोथ हार्मोनचे, म्हणजे शरीराच्या वाढीच्या संप्रेरकाचे, प्रकरण मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यात आकर्षण फार आणि सत्त्व थोडे आहे. सिडनीत ९६ हौशी खेळाडूंवर, पुरुष आणि स्त्रिया दोन्ही, आठ आठवडे प्रयोग झाला आणि २०१० मध्ये त्याचे निष्कर्ष आले: चरबी घटली, चरबीविरहित वजन वाढले पण त्यातला मोठा भाग शरीरात साठलेल्या पाण्याचा होता, छोट्या स्प्रिंटची क्षमता ३.९ टक्क्यांनी वाढली, ताकद, उडी आणि दमसास यांत फरक नाही. औषध थांबवल्यावर सहा आठवड्यांत स्प्रिंटचा फायदाही ओसरला. याच प्रयोगातल्या ज्यांना बनावट इंजेक्शन मिळाले होते पण आपल्याला खरेच मिळाले अशी ज्यांची खात्री होती, त्यांची उडी मात्र वाढली. अशा निकालावर काय बोलावे!

मग आपल्यासारख्यांसाठी खरी वाढ कुठे शिल्लक असते? बैठ्या माणसांना वीस आठवडे नियमित सायकलिंग करायला लावणाऱ्या हेरिटेज या मोठ्या अभ्यासात सरासरी दमसास, म्हणजे व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते त्याचे माप), साधारण सोळा-सतरा टक्क्यांनी वाढला. काहींचा जवळपास काहीच नाही, तर काहींचा त्याहून कितीतरी जास्त. ईपीओने मिळणारी वाढ सहसा दहा टक्क्यांच्या आतच असते. वर्षानुवर्षे धावणाऱ्याला बैठ्या माणसाइतकी वाढ मिळणार नाही हे उघड आहे, तरी माझ्या ओळखीतल्या बहुतेक हौशी खेळाडूंनी आपली प्रशिक्षणाची पुंजी पुरती वापरलेली नाही. झोपेचेही तसेच. २०११ मध्ये शिकागोतील एका छोट्या अभ्यासात दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिले, तर त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन दहा ते पंधरा टक्क्यांनी उतरले. पहाटेच्या सरावासाठी झोप तोडणारे, आणि मग टेस्टोस्टेरॉन कमी आले म्हणून अहवाल घेऊन चिंतेत पडणारे लोक मी पाहिले आहेत. (मी स्वतःही गजर मागे ढकलणाऱ्यांपैकी नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.)

किमतीची बाजू आता बऱ्यापैकी स्पष्ट आहे. २०१७ मधील एका अमेरिकी अभ्यासात वजन उचलणाऱ्या १४० अनुभवी पुरुषांची हृदये तपासली गेली, त्यांपैकी ८६ जणांनी दीर्घकाळ स्टेरॉइड्स घेतलेली होती. हृदयाची रक्त बाहेर फेकण्याची क्षमता न घेणाऱ्यांत सरासरी ६३ टक्के होती, घेणाऱ्यांत ५२, आणि तपासणीच्या वेळी कोर्स चालू असलेल्यांत ४९. धमन्यांत चरबीचे थरही घेणाऱ्यांत जास्त आढळले. डेन्मार्कमधील जिममध्ये स्टेरॉइड्सच्या चाचणीत सापडलेल्या पुरुषांचा सरासरी अकरा वर्षे मागोवा घेतला, तेव्हा त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण इतर समवयस्कांच्या जवळजवळ तिप्पट निघाले. ही माणसे व्यावसायिक नव्हती. व्यावसायिकाच्या मागे निदान वारंवार रक्त तपासणारा कोणीतरी असतो. हौशी माणूस लेबलवर विसंबतो, आणि काळ्या बाजारातल्या बाटलीवरचे लेबल व आतला ऐवज यांचे नाते अनेकदा सैल असते. ईपीओचा धोका आणखी सरळ आहे. रक्त दाट होते, लांब शर्यतीत घामाने आणखी दाट होते, आणि गुठळीची भीती वाढते.

इथे एक भेद पाळला पाहिजे. ज्याच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी आहे आणि त्याची लक्षणे आहेत, त्याने डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते घेणे हा उपचार आहे. २०२३ मध्ये आलेल्या, पाच हजारांहून अधिक पुरुषांवरच्या ट्रॅव्हर्स या चाचणीत अशा उपचाराने हृदयविकाराच्या झटक्याचे वा पक्षाघाताचे प्रमाण प्लासिबोपेक्षा वाढलेले दिसले नाही. हृदयाच्या अनियमित ठोक्यांचे आणि फुप्फुसातील गुठळीचे प्रमाण मात्र थोडे जास्त होते. अडचण येते ती चाळिशी-पन्नाशीच्या निरोगी माणसांची. थकवा, मंदावलेली गती, सुटलेले पोट ही वयाची लक्षणे आहेत की कमतरतेची, हे नेमके सांगता येत नाही, आणि नेमक्या त्याच फटीतून उपचार हळूच खेळात शिरतो. उत्तेजकविरोधी नियम हौशी माणसालाही लागू होतात हे अनेकांच्या गावीही नसते. न्यूयॉर्कमधील २०१२ च्या एका हौशी सायकल शर्यतीत ईपीओ असलेले नमुने सापडले होते, आणि २०१८ मध्ये तर अमेरिकेत नव्वद वर्षांच्या एका सायकलपटूच्या नमुन्यात बंदी असलेले द्रव्य निघाले. ते बहुधा खाण्यातल्या दूषित मांसातून आले असावे असे ठरून त्यांना केवळ जाहीर ताकीद मिळाली.

इतके सगळे मांडल्यावरही मूळ प्रश्न विचारणाऱ्याचे समाधान होत नाही, कारण त्याला सरासरीत रस नसतो. त्याला विचारायचे असते: मला फायदा होईल का? आणि झाला, तर तो औषधानेच झाला हे कळेल का? भसीन यांना हे कळावे म्हणून चार गट करावे लागले. एकट्या माणसाकडे एकच शरीर असते आणि एकच वर्ष. माझ्या परिचयाच्या एका धावपटूने काही महिन्यांचा कोर्स केला आणि त्याची मॅरेथॉनची वेळ चांगलीच खाली आली. तो याचे सगळे श्रेय इंजेक्शनला देतो. पण पैसे आणि धोका दोन्ही पत्करल्यावर तो सराव चुकवेनासा झाला होता, त्याने प्रशिक्षक लावला, रात्रीची जागरणे बंद केली आणि जेवणही मोजूनमापून सुरू केले. यांतल्या कशाने किती मिनिटे दिली, असे मी त्याला विचारले. सगळे मिळूनच झाले असेल, असे तो म्हणाला. आता तो कोर्स थांबवून पूर्वीइतकाच सराव करून पाहणार आहे. त्यात वेळ वाढली तरी ती संप्रेरक गेल्यामुळे वाढली की ते गेल्याचे ठाऊक असल्यामुळे, हे त्याला कळणार नाही. वजन उचलणाऱ्या काही राष्ट्रीय पातळीच्या खेळाडूंना स्टेरॉइड म्हणून साध्या गोळ्या दिल्या तेव्हा त्यांची ताकद वाढली होती, आणि गोळ्या साध्या होत्या हे सांगितल्यावर ती पुन्हा पहिल्या जागी आली होती. उलट, ऑस्लोतील संशोधकांना उंदरांत असे आढळले की टेस्टोस्टेरॉन थांबवून तीन महिने लोटल्यावरही त्या स्नायूंच्या पेशींत वाढीव केंद्रके शिल्लक होती आणि व्यायामाला ते इतरांपेक्षा झपाट्याने फुगले. माणसातही तसे होत असेल, तर माझ्या परिचिताचा 'औषधाशिवायचा' हंगामही पूर्णपणे औषधाशिवायचा असणार नाही.